ओल्वेरा स्ट्रीट: तराजू नसलेला बाजार

महापालिकेच्या मंडई विभागात नोकरी केलेल्या माणसाला कुठल्याही बाजारात साधेपणानं फिरता येत नाही. माझी नजर मालावर पडण्याआधी गाळ्याच्या पट्टीवर पडते. सामान पट्टीच्या आत आहे की पुढे सरकलंय, पाण्याला उतार कुठल्या बाजूला दिलाय, गाळ्यावर क्रमांक रंगवलाय का, आणि आत बसलेला माणूस मूळ गाळेधारक की पोटभाडेकरू. निवृत्त झाल्यावर ही खोड जाईल असं घरच्यांना वाटत होतं. गेली नाही. लॉस एंजेलिसला भाचीकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुला समुद्रापेक्षा बाजार आवडेल," आणि मला ओल्वेरा स्ट्रीटला घेऊन गेली.

युनियन स्टेशनवर उतरायचं, अलामेडा नावाचा रुंद रस्ता ओलांडायचा, की समोर जुना चौक. त्याच्या कडेनं एक गल्ली आत शिरते. बस, एवढाच बाजार. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसतं. खाली विटांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, आणि मधोमध लाकडी टपऱ्यांची रांग. या टपऱ्यांना इथे 'पुएस्तो' म्हणतात. वर कागद कातरून केलेल्या रंगीत पताका. चामड्याच्या विणीच्या चपला, कुस्तीगिरांचे मुखवटे, दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या, लहान मुलांच्या गिटारी, भरतकामाचे झगे, मेणबत्त्या, हसऱ्या कवट्या. गर्दी होती, पण धक्का लागत नव्हता.

पहिल्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात नापास करून टाकलं. भाजी नाही, मासळी नाही, धान्य नाही. कुणाच्या हातात पिशवी नाही, सगळ्यांच्या हातात फोन. पूर्ण गल्लीत एकही तराजू दिसला नाही. जिथे काही तोलून विकलं जात नाही त्याला मी बाजार कसा म्हणू? बऱ्याच वस्तू उलटून पाहिल्या तर खाली चीनची चिकटपट्टी. भाचीला म्हटलं, "हे प्रदर्शन आहे गं." ती म्हणाली, "आहेच. पण कुणी आणि कशासाठी मांडलं, ते आधी बघ."

ते मात्र बघण्यासारखं निघालं.

ही गल्ली मेक्सिकन लोकांनी वसवलेला बाजार म्हणून सुरूच झालेली नाही. आधी इथे द्राक्षमळे आणि वाइनचे धंदे होते, म्हणून नावही वाइन स्ट्रीट होतं. १८७७ मध्ये आगुस्तिन ओल्वेरा या न्यायाधीशाच्या नावावरून ते बदललं. शहर दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे पसरत गेलं आणि हा मूळ गावठाणाचा भाग मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे गॅरेज, गोदामं आणि चिखल होता. क्रिस्टीन स्टर्लिंग नावाची एक बाई १९२६ मध्ये इथे फिरत आली. मेक्सिकन नव्हे, कॅलिफोर्नियातलीच गोरी बाई. जुनं स्पॅनिश शहर बघायचं म्हणून आली आणि जे दिसलं ते बघून हबकली. दोन वर्षांनी इथल्या आविला अडोबी या घरावर महापालिकेची पाडापाडीची नोटीस लागली तेव्हा तिनं कंबर कसली. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा मालक हॅरी चँडलर याला गाठलं, पैसेवाल्यांकडून देणग्या उभ्या केल्या, नगर परिषदेकडून गल्लीत वाहनांना बंदी करून घेतली. मजुरीला माणसं परवडेनात, तर पोलिसप्रमुखाकडून तुरुंगातले कैदी कामाला मिळवले. त्या काळच्या तिच्या रोजनिशीत एक नोंद आहे: कैद्यांमध्ये एक चांगला सुतार निघालाय, एक वीजतंत्री, आता एखादा गवंडी आणि एखादा नळकारागीर पकडला जावा म्हणून ती रोज रात्री प्रार्थना करते.

हे वाचून मी मोठ्यानं हसले. मंडईच्या दुरुस्तीसाठी ज्यांनी कधी निविदा काढल्या आहेत त्यांनाच या प्रार्थनेमागची तळमळ कळेल.

२० एप्रिल १९३०, ईस्टरचा रविवार, या दिवशी बाजार उघडला. मंदी सुरू झालेली होती. मेक्सिकन कुटुंबांना टपऱ्या दिल्या गेल्या, आणि त्यांनी रंगीत झगे, मोठ्या टोप्या घालून बसावं असं ठरलं. म्हणजे काय, तर बाहेरून येणाऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात जो मेक्सिको होता तो इथे बांधून काढला. गिटारी वाजत्या, बाया हसऱ्या, पुरुष निवांत. स्टर्लिंगबाईंना हे जमलं म्हटल्यावर पुढे १९३८ मध्ये त्यांनी जवळच 'चायना सिटी' नावानं चिनी लोकांचंही असंच एक प्रकरण उभं केलं. कारण युनियन स्टेशन बांधण्यासाठी खरी चिनी वस्ती उठवली गेली होती. आधी वस्ती मोडायची आणि मग तिचा देखावा उभारायचा. शहरांना ही खोड सगळीकडे असावी.

पण या बाईंवर मला नुसतं रागावता येईना. शेवटी शेवटी त्या आविला अडोबीतच राहत होत्या आणि १९६३ मध्ये तिथेच वारल्या. तीस-बत्तीस वर्षं एका गल्लीवर पहारा! त्या नसत्या तर इथे आज गाड्या उभ्या करायचं मैदान असतं. माझ्या नोकरीत मी असे दोन-तीन अधिकारी पाहिले. हट्टी, शिस्तखोर, गाळेधारकांना आपली लेकरं समजणारे. ते असेपर्यंत लोक वैतागतात आणि गेल्यावर त्यांच्याच नावानं दाखले देतात.

गल्लीच्या मध्यावर एका टपरीपाशी मी थांबले, कारण तिचं दार मला आवडलं. लाकडी फळ्या दुमडून वर घेतल्या की छप्पर, रात्री खाली सोडल्या की कुलूप. आत एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या असतील. कातडी पाकिटं आणि पट्टे विकत होत्या. मी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "हा गाळा तुमचा की भाड्याचा?" भाचीनं कपाळाला हात लावला. बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, इथे येणारे सगळे किंमत विचारतात, नाही तर फोटो काढू का विचारतात. हे कुणी विचारत नाही. गाळा शहराचा. संपूर्ण परिसर लॉस एंजेलिस शहराच्या मालकीचा आहे आणि त्यासाठी 'एल पुएब्लो' नावाचा वेगळा विभाग आहे. टपरी आधी त्यांच्या आजीकडे होती, मग आईकडे, आता त्यांच्याकडे. शाळा सुटली की त्या इथेच येऊन टपरीखालच्या खोक्यावर बसून गृहपाठ करायच्या.

"आणि तुमच्यानंतर?" मी विचारलं.

मुलगी दंतवैद्य आहे म्हणाल्या. मग जरा थांबून, "शनिवारी येते मदतीला."

भाडेपट्ट्याचा विषय निघाला तेव्हा आमचं खरं जमलं. इथल्या गाळेधारकांना कित्येक वर्षं महिन्या-महिन्याच्या करारावर धंदा करावा लागला होता. दीर्घ मुदतीचे करार मिळाले ते अगदी अलीकडे, २०१० नंतर, आणि तेही भाडेवाढीवरून बरीच ओढाताण होऊन. महिन्याच्या करारावर माणूस दुकानाला रंगसुद्धा देत नाही, हे मी अनुभवानं सांगू शकते. वर इमारती ऐतिहासिक, म्हणजे खिळा ठोकायलाही परवानगी. बाईंनी हातानं मोजून दाखवलं, टपरीबाहेर माल किती पुढे येऊ शकतो ते. मी पाहिलं तर त्यांच्या पट्ट्यांचा स्टँड त्याच्या वीतभर पुढे होता. आमची नजरानजर झाली. मी काही बोलले नाही. पाकीट घेतलं, घासाघीस न करता.

तिथून पुढे माझ्या मतात जरा फट पडली. देखावा म्हणून बसवलेली माणसं तिसऱ्या पिढीलाही त्याच जागी बसून हिशेब लिहीत असतील तर देखावा कुठे संपतो? आजीनं झगा घातला तो नाटकाचा. नात इथेच लहानाची मोठी झाली, तिचं काय? या गल्लीत आज नऊ रात्री 'लास पोसादास'ची मिरवणूक निघते, १६ ते २४ डिसेंबर. मेरी आणि जोसेफ यांना रात्रीपुरता आसरा हवाय, म्हणून गाणी म्हणत दारोदार जायचं, नकार ऐकायचा, आणि शेवटी एक दार उघडतं. ऑक्टोबरअखेर मृतांच्या सणाच्या वेद्या मांडल्या जातात. त्या पर्यटकांनी मांडलेल्या नसतात.

एका ठिकाणी फरसबंदीत विटांची एक तिरपी ओळ वेगळी दिसते. लोक तिच्यावरून चालत जात होते, कुणी खाली बघत नव्हतं. मी मात्र वाकलेच. ही 'सान्हा माद्रे', शहराचा पहिला पाट. १७८१ मध्ये वस्ती झाली त्या वेळी नदीचं पाणी आणण्यासाठी हा कालवा खणला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याचा वापर चालला. आधी उघडा मातीचा, मग विटांचा, बंदिस्त. पाणी पिण्याला तेच, द्राक्षांना तेच, कपडे धुवायलाही तेच, आणि त्यावरून भांडणं आणि नियम. पाट गेला, त्याची वाट तेवढी विटांनी आखून ठेवलीय. या महाकाय शहराचा उगम या तिरप्या रेघेत आहे, आणि तिच्यावर त्या दिवशी कुणाचं तरी आइस्क्रीम सांडलं होतं.

आविला अडोबी बघायला पैसे पडत नाहीत. १८१८ मध्ये फ्रान्सिस्को आविला या पशुपालक जमीनदारानं बांधलेलं हे घर, शहरात उभं असलेलं सर्वांत जुनं घर म्हणून ओळखलं जातं. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, अडीच-तीन फूट जाडीच्या भिंती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत शिरताच अंगावरचा घाम निवला. छपरावर पूर्वी डांबर ओतायचे, जवळच्या ला ब्रेया इथल्या नैसर्गिक डांबराच्या डबक्यांतून आणलेलं. १८४७ मध्ये अमेरिकन सैन्यानं मेक्सिकोकडून शहर घेतलं तेव्हा नौदलाचा अधिकारी कमोडोर स्टॉकटननं काही काळ इथेच तळ ठोकला होता. १९७१ च्या भूकंपात भिंतींना तडे गेले, मग दुरुस्ती झाली. आतल्या खोल्या १८४० च्या सुमारास श्रीमंत घर कसं असेल तशा मांडल्यात. मला त्यांच्यापेक्षा मागचं अंगण आवडलं. तिथल्या मांडवावर जुने द्राक्षवेल आहेत. त्यांची डीएनए तपासणी केली तेव्हा ते सॅन गॅब्रिएलच्या जुन्या मिशनमधल्या वेलाशी जुळले. म्हणजे पाद्र्यांनी आणलेली द्राक्षं आणि इथली रानटी द्राक्षं यांचा संकर. वाइन स्ट्रीट नाव पुसलं गेलं तरी वेल जिवंत आहे.

मग भूक लागली. गल्लीच्या उत्तर टोकाला 'सिएलितो लिंदो' नावाची खिडकी आहे, १९३४ पासूनची. तिथे एकच गोष्ट मागायची: ताकितो. मक्याच्या पोळीत गोमांसाचे धागे गुंडाळून तळलेली सुरळी, वर आव्होकाडोचा पातळ हिरवा रस्सा. भाची खाते, मी खात नाही. तिनं खाल्ले, मी तिच्या ताटलीतला तो रस्सा मक्याच्या तळलेल्या तुकड्यांना लावून चाटून-पुसून संपवला. आंबट, तिखट, सैल. आव्होकाडोचा गोळा करून पावाला फासतात त्या प्रकाराशी याचा काही संबंध नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मी बीनचा बरिटो मागितला आणि घेण्याआधी विचारलं, बीन कशात परतल्यात? मेक्सिकन स्वयंपाकात डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी 'मांतेका?' एवढा एक शब्द टाकावा. मुलगी म्हणाली, तेलात. मग बसून निवांत खाल्ला. हिबिस्कसचं लालभडक थंड सरबत प्यायले, त्याला 'हमाइका' म्हणतात. चुरो, म्हणजे तळलेली गोड कांडी, बरा होता, पण त्यासाठी इथवर यायला नको.

जेवण झाल्यावर भाची म्हणाली, "आता वर चल. ज्यासाठी आणलंय ते अजून बाकी आहे."

ते भित्तिचित्र. गल्लीला लागून इटालियन हॉल नावाची इमारत आहे, १९०८ च्या सुमाराची. मेक्सिकोचा प्रसिद्ध चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला आला होता, राजकीय कारणांनी देश सोडून. या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची बाहेरची भिंत त्याला रंगवायला दिली. विषय ठरवून दिला होता: 'आमेरिका त्रॉपिकाल', उष्ण कटिबंधातली अमेरिका. देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय असणार ते उघड आहे. ताडामाडाची झाडं, पोपट, फळं, हसरी माणसं, म्हणजे खालच्या गल्लीला शोभेल असं काहीतरी. भिंत सुमारे ८० फूट लांब आणि १८ फूट उंच. सिकेरोसनं सिमेंटवर, रंगाच्या फवारणी यंत्रानं, साथीदारांना घेऊन काम सुरू केलं. जंगल रंगवलं, पडकं मंदिर रंगवलं. मधली जागा मोकळी ठेवली. उद्घाटनाच्या आदल्या रात्री सगळ्यांना घरी पाठवलं आणि एकट्यानं मधलं चित्र केलं.

९ ऑक्टोबर १९३२ ला पडदा निघाला तेव्हा मध्यभागी दुहेरी क्रूसावर बांधलेला आदिवासी शेतकरी होता, आणि त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला अमेरिकेचा गरुड. उजव्या कोपऱ्यात छपरावर दोन बंदूकधारी, गरुडावर नेम धरलेले.

वर्षभरात गल्लीतून दिसणारा भाग पांढऱ्या रंगानं झाकला गेला. दहा वर्षांच्या आत पूर्ण चित्र. सिकेरोसच्या व्हिसाची मुदत वाढली नाही, त्याला देश सोडावा लागला. १९६० च्या दशकाच्या शेवटी उन्हापावसानं पांढरा रंग सुटायला लागला आणि खालून चित्र डोकावू लागलं. नेमक्या त्याच काळात लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची तरुण पिढी स्वतःच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरत होती. पुढे गेटी संस्थेच्या जतन विभागानं शहराबरोबर अनेक वर्षं काम केलं, आणि ९ ऑक्टोबर २०१२ ला, म्हणजे पडदा निघाल्याला बरोबर ८० वर्षं झाली त्या तारखेला, ते लोकांसाठी खुलं झालं. गल्लीतल्याच सेपुलवेदा हाउसमध्ये त्याचं माहिती केंद्र आहे आणि गच्चीवरून चित्र बघायची सोय.

आता मी जे पाहिलं ते सांगते. चित्र फिकट आहे. खूप फिकट. जतन करणाऱ्यांनी उडालेले रंग पुन्हा भरले नाहीत. जे उरलंय तेवढंच पक्कं केलंय. शेजारी उभा असलेला एक तरुण म्हणाला, 'एवढंच?' मला उलट वाटलं की बरं केलं रंगवलं नाही. रंगवलं असतं तर खालच्या दुकानांतल्या वस्तूंसारखं चकचकीत झालं असतं. आता त्या भिंतीवर दोन गोष्टी दिसतात: सिकेरोसनं काय काढलं, आणि लोकांनी ते किती जोर लावून घासून-झाकून टाकलं. शेतकऱ्याचा चेहरा नीट दिसत नाही, पण हाताचा ताण दिसतो. गच्चीवर उभं राहून खाली पाहिलं की पताका दिसतात, वर पाहिलं की क्रूस. दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या अंतरानं एकाच जागी उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एकच शहराला हवी होती.

या दोन तारखांच्या मध्ये एक तिसरी तारीख आहे. २६ फेब्रुवारी १९३१. बाजार उघडून वर्षही झालं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी जो चौक आहे, तिथे दुपारी माणसं बाकांवर बसली होती. इमिग्रेशनचे अधिकारी आणि पोलीस आले, चौकाच्या वाटा अडवल्या आणि सुमारे ४०० जणांना आत कोंडून कागदपत्रं मागितली. मंदीत नोकऱ्या मेक्सिकन लोक खातात, अशी ओरड होती. त्या दशकात लाखो माणसं मेक्सिकोला पाठवली गेली किंवा भीतीनं निघून गेली, आणि त्यांतले पुष्कळ जण अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे तिथलेच नागरिक होते. पन्नास पावलांवर मेक्सिकन बायका झगे घालून गिऱ्हाइकांचं स्वागत करत होत्या.

मी त्या चौकात बराच वेळ बसले. मोठाले वड-जातीचे वृक्ष आहेत, १८७० च्या दशकात लावलेले, ऑस्ट्रेलियातून आलेल्या जातीचे. चार होते, एक २०१९ मध्ये कोसळला. चौकात एक फलक आहे. १७८१ च्या सप्टेंबरमध्ये ज्या ११ कुटुंबांनी, ४४ माणसांनी हे गाव वसवलं त्यांची नावं, वयं आणि वंश त्यावर लिहिलाय. वाचत गेले तर स्पॅनिश म्हणून नोंद असलेले फक्त दोन. बाकी इंडियन, आफ्रिकी, मिश्र. निम्म्याहून जास्त लोकांमध्ये आफ्रिकी रक्त होतं. हॉलिवुडच्या या शहराचा मूळ सातबारा असा आहे, आणि तो उघड्यावर लावून ठेवलाय हे मला आवडलं. चौकाच्या दुसऱ्या अंगाला चिनी-अमेरिकन संग्रहालय आहे. १८७१ मध्ये इथून जवळच जमावानं एका रात्रीत किमान १८ चिनी माणसं मारली होती. ते संग्रहालय मी घाईत पाहिलं, दमले होते. त्याला वेगळा दिवस द्यायला हवा.

समोर रस्त्यापलीकडे ला प्लासिता चर्च, १८२२ मधलं. रविवार होता. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्यांतली बाळं, नटलेल्या आया, कडक कॉलरचे बाप. १९८० च्या दशकात एल साल्व्हादोर आणि ग्वातेमालामधून पळून आलेल्या निर्वासितांना इथले धर्मगुरू लुईस ओलिव्हारेस यांनी उघडपणे आसरा दिला. १९८५ मध्ये तसं जाहीरच केलं, सरकारला काय वाटायचं ते वाटो. माणसं रात्री चर्चच्या बाकांवर झोपायची. लास पोसादासमधलं ते शेवटचं दार हेच म्हणायचं.

आणि चर्चच्या बाहेर, पदपथावर, मला मी शोधत होते तो बाजार सापडला. हातगाड्या! रंगीबेरंगी छत्रीखाली काचेची पेटी, पेटीत बर्फ, बर्फावर कलिंगड, आंबा, काकडी, अननस. बाई सपासप फळ कापते, पिशवीत भरते, लिंबू पिळते, तिखट भुरभुरते. पलीकडे एक जण कणीस विकतोय, एक बाई टोपलीत झाकून तमाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे. गिऱ्हाईक सगळं चर्चमधून बाहेर पडणारं. घासाघीस, हाका, लहान मुलं पायांत. एका गाडीजवळ दांडीला कापड गुंडाळून ठेवलं होतं, पटकन पसरायला आणि पटकन उचलायला. तसं बांधलेलं कापड मी हजारदा पाहिलंय. जप्तही केलंय.

भाचीनं इथला कायदा सांगितला. लॉस एंजेलिसमध्ये पदपथावर विकणं वर्षानुवर्षं गुन्हा होता. पोलीस माल उचलायचे, खटले भरायचे, आणि ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत त्याच्या दृष्टीनं असा खटला म्हणजे थेट देशाबाहेर काढलं जाण्याची भीती. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला, २०१९ च्या जानेवारीपासून लागू: फेरीवाल्यावर फौजदारी गुन्हा नाही. शहरांना परवाने देता येतील, आरोग्य आणि वाहतुकीचे नियम घालता येतील, दंड करता येईल, तुरुंग नाही. म्हणजे बघा. पताकांखालचा मेक्सिकन बाजार १९३० पासून शहराचा मानबिंदू. त्याच बाजारापासून हाकेच्या अंतरावर, पताका नसलेला मेक्सिकन बाजार अगदी अलीकडेपर्यंत गुन्हा. मी टेबलाच्या ज्या बाजूला बसून नोकरी केली त्या बाजूनं हे फार ओळखीचं आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

कापलेल्या फळांचा परवाना मात्र अजून कटकटीचा आहे म्हणे. अन्न म्हटलं की आरोग्य खात्याच्या अटी येतात, गाडी मान्यताप्राप्त हवी, आणि तशी गाडी महाग. हे ऐकल्यावर मी फळवालीच्या गाडीवर कुठे परवान्याचं स्टिकर आहे का ते शोधायला लागले. भाचीनं दंडाला धरून बाजूला ओढलं. "मावशी! आंबा घे आणि चल."

घेतला. आंबा आपला नव्हे, तंतू फार. पण लिंबू-तिखटानं तारून नेला.

कुणी जाणार असाल तर: गाडी नेऊ नका, मेट्रोनं युनियन स्टेशनला उतरा, ते स्टेशनही १९३९ चं आहे आणि आतला, लाकडी वाटणाऱ्या छताचा दिवाणखाना बघण्यासारखा. भित्तिचित्राची गच्ची दुपारी लवकर बंद होते, तेव्हा आधी ती, मग खरेदी. रविवारी जा, म्हणजे चर्चबाहेरचा बाजारही मिळेल. आणि जमलं तर ईस्टरच्या आदल्या शनिवारी जा. त्या दिवशी लोक आपापली जनावरं घेऊन या गल्लीत येतात, कुत्री, कोंबड्या, कासवं, शेळ्या, आणि धर्मगुरू एकेकावर पवित्र पाणी शिंपडतात. चौकाशेजारच्या भिंतीवर लिओ पोलिती या चित्रकारानं काढलेलं या सोहळ्याचं चित्र आहे. ते बघताना मला पोळाच आठवला, फक्त बैलाच्या रांगेत पोपटही उभा. आम्ही तो शनिवार चुकवला. पुढच्या वर्षी भाचीचं मांजर न्यायचं ठरलंय. मांजराला अजून सांगितलेलं नाही.